पायरी एकच : ईरी कालवा आणि नायगारा

नायगारा धबधबा नकाशात दाखवायला सांगितला तर आपल्या शाळेतली बरीच मुले बोट बरोबर ठेवतात. मात्र तिथून जेमतेम तीस किलोमीटर पूर्वेला असलेले लॉकपोर्ट हे छोटे शहर दाखवा म्हटले तर मुलेच काय, आपणही गोंधळून जाऊ. अमेरिकेच्या इतिहासात या शहराचे महत्त्व धबधब्याइतकेच आहे. धबधब्यात पाणी ज्या खडकावरून खाली येते, त्याच खडकावर लॉकपोर्टमध्ये माणसांनी बोटी वर चढवल्या, त्याही १८२५ साली. तेव्हा वीज नव्हती, डायनामाइट नव्हते, आणि त्या देशात स्थापत्य अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण घेतलेली माणसे जवळजवळ नव्हती.

ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात आरामात पाहून होतात. बफेलो शहराजवळ आमचा पुतण्या राहतो. त्याच्या कुटुंबाबरोबर आम्ही सकाळी लॉकपोर्ट आणि दुपारी नायगारा अशी सहल केली. सहलीत जे पाहिले ते आणि त्यामागचा इतिहास इथे एकत्र मांडत आहोत. भूगोल, इतिहास, भौतिकशास्त्र आणि गणित या चार तासांना पुरेल एवढा ऐवज त्यात आहे.

डोंगरातली एकच फट

आपल्याकडे कालवा म्हटले की शेताला पाणी देणारा पाट डोळ्यांसमोर येतो. ईरी कालवा मात्र वाहतुकीसाठी खोदलेला जलमार्ग होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर अशी अ‍ॅपलेशियन पर्वताची रांग पसरली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रांगेच्या अलीकडे बंदरे आणि शहरे होती, तर पलीकडे पंचमहासरोवरांचा विस्तीर्ण सुपीक प्रदेश होता. पलीकडचा गहू घोडागाडीने डोंगर ओलांडून आणायचा तर वाहतुकीचा खर्च गव्हाच्या किमतीपेक्षा जास्त होई.

या रांगेत न्यूयॉर्क राज्यात एक नैसर्गिक फट आहे, ती मोहॉक नदीच्या खोऱ्याची. हडसन नदीवरच्या अल्बनीपासून या खोऱ्यातून पश्चिमेला गेले तर मोठा डोंगर न ओलांडता ईरी सरोवरापर्यंत पोचता येते. हे हेरणाऱ्यांपैकी जेसी हॉली हा पिठाचा व्यापारी होता. वाहतूक खर्चाने बुडून कर्जापायी तो तुरुंगात गेला आणि तिथून १८०७-०८ मध्ये ‘हर्क्युलिस’ या टोपणनावाने त्याने वृत्तपत्रात चौदा लेख लिहून कालव्याची कल्पना मांडली. १८०८ साली जेम्स गेडिस याने मार्गाची पहिली पाहणी केली. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना ही योजना त्या काळासाठी निव्वळ वेडेपणाची वाटली. केंद्राकडून पैसा मिळाला नाही, तेव्हा डी विट क्लिंटन यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क राज्याने स्वतःच्या हिमतीवर काम हाती घेतले. ४ जुलै १८१७ रोजी रोम या गावी पहिली कुदळ पडली. विरोधक चेष्टेने या कामाला ‘क्लिंटनचा चर’ म्हणत.

हा चर ३६३ मैल, म्हणजे सुमारे ५८४ किलोमीटर लांब होता. वरची रुंदी ४० फूट, तळाची २८ फूट आणि खोली अवघी ४ फूट. हडसनपासून ईरी सरोवरापर्यंतची एकूण चढण सुमारे ५७० फूट असून ती चढायला ८३ जलपाश बांधावे लागले.

जलपाश : पंपाविना जिना

जलपाश म्हणजे ज्याला इंग्रजीत लॉक म्हणतात तो. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद, अशी त्याची सोपी कल्पना करावी. खालून आलेली बोट हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, वरच्या बाजूच्या झडपा उघडून पाणी आत घेतात. पाणी चढते तशी बोट चढते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो आणि बोट बाहेर पडते. उतरताना हीच क्रिया उलटी करायची.

लॉकपोर्टच्या पर्यटक बोटीत आम्ही या हौदात उभे होतो. दोन्ही बाजूंना ओल्या, शेवाळलेल्या भिंती, आणि बोट हळूहळू वर येत होती. पुतण्याची धाकटी मुलगी कठड्यावरून वाकून शोधू लागली आणि तिने विचारले, “आजोबा, पंप कुठे आहे?” प्रश्न अगदी नेमका होता, कारण पंप नसतोच. पाणी वरून खाली स्वतःच्या वजनाने येते आणि येता येता बोटीला वर उचलते. मात्र त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. मूळ जलपाश ९० फूट लांब आणि १५ फूट रुंद होता. चढण १२ फूट धरली तर एका वेळी ९० × १५ × १२ = १६,२०० घनफूट, म्हणजे सुमारे साडेचार लाख लिटर पाणी वरून खाली जाते. दहा हजार लिटरचे पंचेचाळीस टँकर झाले! म्हणून कालव्याच्या सर्वांत उंच भागाला सतत पाणी पुरवणारा स्रोत हवा. पश्चिमेकडच्या भागाला तो आयता मिळाला, खुद्द ईरी सरोवर.

दरवाजांची रचनाही पाहण्यासारखी असते. दोन्ही फळ्या सरळ रेषेत न मिटता उंच पातळीच्या बाजूला टोक करून, उथळ कोन साधून मिटतात. वरच्या पाण्याचा दाब जितका जास्त, तितक्या त्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात. गळती रोखण्याचे काम ज्या पाण्याला अडवायचे तेच करते. पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेऊन हे वर्गात सहज दाखवता येईल.

लॉकपोर्टची भिंत

कालव्याची बरीचशी चढण लांब अंतरात विभागली होती. लॉकपोर्टजवळ मात्र एक उभी भिंत आडवी आली. ती होती नायगारा कडा. न्यूयॉर्क राज्यातून हा कडा पश्चिमेला कॅनडात जातो आणि पुढे पंचमहासरोवरांना वळसा घालत विस्कॉन्सिनपर्यंत पोचतो.

तो तयार कसा झाला? सुमारे ४२ ते ४३ कोटी वर्षांपूर्वी या भागात उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी चिखलाचे थर साचून शेल नावाचा मऊ, पापुद्रे सुटणारा खडक बनला आणि त्यावर डोलोमाइटचा कठीण थर बसला. पुढे झीज सुरू झाली तेव्हा मऊ शेल लवकर झिजला आणि वरचा कठीण थर कड्यासारखा उभा राहिला. या कठीण थराला भूवैज्ञानिक लॉकपोर्ट डोलोमाइट म्हणतात, तर खालच्या शेलला रॉचेस्टर शेल. दोन्ही नावे कालव्याकाठच्या गावांची आहेत. ते का, हे पुढे येईल.

इथे सुमारे ६० फुटांची चढण एकाच जागी चढायची होती. त्यासाठी आलेल्या आराखड्यांतून नेथन रॉबर्ट्स याचा आराखडा निवडला गेला. हा रॉबर्ट्स मुळात शाळामास्तर होता. कालव्याच्या कामावर बेंजामिन राइट याने त्याला घेतले आणि मोजणी, आखणी तो कामावरच शिकला. त्याने एकाला एक लागून पाच जलपाशांचा जिना आखला. एका हौदाचा वरचा दरवाजा तोच पुढच्या हौदाचा खालचा दरवाजा. पण यात एक अडचण होती. जिन्यात वर जाणारी बोट असेल तर खाली येणाऱ्या बोटीला पाचही पायऱ्या रिकाम्या होईपर्यंत थांबावे लागणार आणि दोन्हीकडे बोटींच्या रांगा लागणार. म्हणून रॉबर्ट्सने शेजारी शेजारी दोन जिने ठेवले, एक चढायचा आणि एक उतरायचा.

जिना चढून काम संपत नव्हते. वर पोचल्यावर सरोवराचे पाणी इथवर आणण्यासाठी पश्चिमेला कित्येक मैलांचा खोल चर खणायचा होता, आणि त्यातले काही मैल सलग डोलोमाइटमधून. हाताने पहारी ठोकून भोके पाडायची, त्यात काळी दारू भरायची, वात पेटवायची आणि पळायचे. फुटलेले दगड घोड्यांनी चालणाऱ्या लाकडी याऱ्यांनी वर काढायचे. या कामावर मोठ्या संख्येने आयर्लंडहून आलेले मजूर होते. दारू कधी वेळेआधी उडे, कधी उशिरा. त्याआधी १८१९ च्या उन्हाळ्यात माँटेझुमाच्या दलदलीत सुमारे हजार मजूर हिवतापाने आजारी पडले होते. दलदलीच्या दूषित हवेने ताप येतो असे तेव्हा समजत. डासांचा त्यातला वाटा रोनल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवून दिला तो १८९७ साली.

जमिनीचाही हिशेब मांडायला हवा. कालवा ज्या खोऱ्यांतून गेला ती मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका या होडेनोशोनी संघातल्या लोकांची भूमी होती. करारांनी आणि दडपणाने ती आधीच आक्रसत चालली होती. कालव्यामागून वसाहतकारांची लाट आली आणि तो वेग वाढला.

अभियंते आले कुठून?

राइट आणि गेडिस हे दोघे कालव्याचे प्रमुख अभियंते. दोघांनीही स्थानिक न्यायाधीश म्हणून काम केलेले होते आणि जमीन मोजणीचा अनुभव एवढेच त्यांचे भांडवल होते. कालव्याला मोजणीतली चूक परवडत नाही, कारण पाणी कुणाचीही भीड ठेवत नाही. म्हणून सुरुवातीच्या काळातच त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी पातळी मोजत जाऊन एका ठिकाणी मोजमापे ताडून पाहिली. फेरा होता जवळजवळ १०० मैलांचा आणि दोघांच्या मोजणीतला फरक निघाला दोन इंचांहूनही कमी!

कॅनव्हास व्हाइट या तरुण साहाय्यकाचीही गोष्ट अशीच. तो १८१७ मध्ये इंग्लंडला गेला आणि तिथले कालवे पायी हिंडून पाहिले, त्यांची रेखाटने केली. परतल्यावर त्याला एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, म्हणून पाण्याखाली तो नीट धरत नाही. पाण्याखाली घट्ट होणारे सिमेंट परदेशातून आणणे फार महाग होते. शितनँगो गावाजवळ व्हाइटला माती मिसळलेला असा चुनखडक मिळाला, की जो भाजून दळला तर पाण्यातही घट्ट होई. मातीतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी संयोग पावून पाण्याच्याच साहाय्याने कठीण संयुगे तयार करतात, हे त्याचे कारण. १८२० मध्ये त्याने पेटंट घेतले.

२६ ऑक्टोबर १८२५ रोजी कालवा खुला झाला. बफेलोहून न्यूयॉर्कपर्यंत ऐकू येईल इतक्या अंतराअंतरावर तोफा ठेवल्या होत्या. एकीचा आवाज ऐकून दुसरी उडवायची, असे करत ही बातमी सुमारे दीड तासात समुद्रापर्यंत पोचली. खर्च आला सुमारे ७१ लाख डॉलर. बफेलो ते न्यूयॉर्क एक टन माल न्यायला पूर्वी सुमारे १०० डॉलर पडत, ते १० डॉलरच्या आसपास आले. न्यूयॉर्क हे देशातले सर्वांत मोठे बंदर म्हणून पक्के झाले त्यात या चार फूट खोल पाण्याचा मोठा वाटा आहे. पुढे कालवा दोनदा मोठा केला. १९१८ मध्ये खुल्या झालेल्या नव्या रचनेत लॉकपोर्टच्या एका जिन्याच्या जागी दोन मोठे जलपाश आले. पातळ्या बदलल्याने ते मिळून सुमारे ४९ फूट चढतात. दुसरा जिना शेजारी तसाच ठेवला आहे. त्याची आजची दगडी बांधणी पहिल्या रुंदीकरणाच्या काळातली आहे. पाच पायऱ्यांवरून पाणी उतरताना दिसते तेव्हा रॉबर्ट्सची कल्पना एका नजरेत कळते.

तीच पायरी, नदीच्या वाटेवर

दुपारी नायगाराला गेल्यावर मुलांना आम्ही पाण्याआधी खडक बघायला सांगितला. घळईच्या भिंतीत वर जाड, उभा कठीण थर आणि खाली मऊ, झिजलेले थर स्पष्ट दिसतात. सकाळी बोटीने चढलो तोच हा कडा. ईरी सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १७४ मीटर उंच आहे, ऑन्टॅरिओ सरोवर सुमारे ७५ मीटर. हा ९९ मीटरचा फरक नायगारा नदी थोड्या अंतरात उतरते आणि त्यातले ५० मीटरहून अधिक एका उडीत. कालवा काढणाऱ्यांनी ऑन्टॅरिओ सरोवराची सोपी वाट न घेता जमिनीवरून मार्ग का नेला, याचे एक उत्तर इथे समोर उभे राहते. दुसरे उत्तर व्यापाराचे होते. ऑन्टॅरिओत उतरलेला माल सेंट लॉरेन्स नदीने ब्रिटिशांच्या माँट्रियलला गेला असता.

पडणारे पाणी आणि गारठा खालचा शेल पोखरतात. आधार गेला की वरचा डोलोमाइट कोसळतो आणि धबधबा मागे सरकतो. १९५४ मध्ये प्रॉस्पेक्ट पॉइंटजवळचा कड्याचा मोठा भाग असाच ढासळला. हिमयुगाच्या अखेरीस, सुमारे १२,००० वर्षांपूर्वी, हा धबधबा लुइस्टनजवळ कड्याच्या तोंडाशीच होता. आज तो ११ किलोमीटर मागे आहे. वर्षाला सरासरी किती मीटर, हे विद्यार्थ्यांनी काढावे.

हे गणित एकेकाळी वादाचे होते. रॉबर्ट बेकवेल याने १८२९ च्या सुमारास तिथल्या रहिवाशांना विचारून धबधबा वर्षाला एक यार्ड सरकतो असा अंदाज केला. त्यावरून घळईचे वय दहा-बारा हजार वर्षे येते. चार्ल्स लायल १८४१ मध्ये इथे आले. त्यांनी वर्षाला एक फूट धरले आणि उत्तर काढले ३५,००० वर्षे. पृथ्वीच केवळ सहा हजार वर्षांची आहे असे मानणाऱ्यांना दोन्ही उत्तरे धक्कादायक होती. आजच्या ज्ञानानुसार बेकवेलचा आकडा अधिक जवळचा ठरतो. अंतर दोघांचे सारखेच होते, भागाकारही बरोबर होता. फरक होता तो गृहीत धरलेल्या वेगाचा.

आता हा वेग बराच मंदावला आहे, कारण नदीचे पुष्कळसे पाणी वीजनिर्मितीसाठी वळवले जाते. १८९५ मध्ये इथे टेस्लाच्या पद्धतीची प्रत्यावर्ती विद्युत निर्माण करणारे केंद्र सुरू झाले आणि १८९६ मध्ये ती वीज बफेलोला पोचली. १९५० च्या अमेरिका-कॅनडा करारानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी धबधब्यावरून सोडावे लागते, रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मे चालते. म्हणजे आपण पाहतो त्या दृश्यालाही वेळापत्रक आहे. विजेसाठीही कुणाची तरी जमीन गेली. लुइस्टनजवळच्या जलाशयासाठी टस्करोरा लोकांची सुमारे ५५० एकर जमीन घेतली गेली. त्याविरुद्धचा त्यांचा दावा १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला.

बोटीवरची शाळा

खडकांना कालव्याकाठच्या गावांची नावे का, याचे उत्तर आता देता येईल. साडेतीनशे मैलांचा हा चर म्हणजे भूवैज्ञानिकांना मिळालेला जमिनीचा उघडा छेदच होता. एमोस ईटन याने १८२४ मध्ये कालव्यालगतच्या प्रदेशाचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण प्रसिद्ध केले. हा ईटन पूर्वी जमिनीच्या व्यवहारातल्या एका आरोपावरून काही वर्षे तुरुंगात होता आणि तिथेही त्याने वनस्पतिशास्त्राचा अभ्यास सोडला नव्हता. त्याच वर्षी ट्रॉय गावी रेन्सेलर स्कूल स्थापन झाले आणि ईटन तिथला मुख्य प्राध्यापक झाला. शेतकरी आणि कारागिरांच्या मुलामुलींना विज्ञान शिकवू शकतील असे शिक्षक तयार करणे, हा या शाळेचा एक मुख्य हेतू होता. तिथे प्रयोग विद्यार्थ्यांनी करायचे आणि व्याख्यानही विद्यार्थ्यांनीच द्यायचे.

१८२६ च्या उन्हाळ्यात, कालवा पुरा होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, ईटन विद्यार्थ्यांना घेऊन कालव्याच्या बोटीने ईरी सरोवरापर्यंत गेला. वाटेत थांबत त्यांनी खडक, जीवाश्म आणि वनस्पती गोळा केल्या. त्या बोटीवर अल्बनीचा एक तरुण होता, जोसेफ हेन्री. पुढे विद्युतचुंबकत्वावर त्याने मूलभूत काम केले. विद्युत प्रवर्तकत्वाचे एकक आपण त्याच्याच नावाने, हेन्रीमध्ये मोजतो. शिकलेल्या माणसांनी कालवा बांधला असे म्हणण्यापेक्षा कालव्याने माणसे शिकवली, असे म्हणणे अधिक खरे होईल. न्यायाधीश, शाळामास्तर आणि मोजणीदार यांच्या हातून तिथे अभियंत्यांची एक पिढी घडली आणि मग देशभरच्या कालव्यांवर आणि लोहमार्गांवर गेली.

यातला एक धडा आपल्या शाळेच्या आवारातही गिरवता येईल. गवंड्याकडे असते तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन पट्ट्या घ्या. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीला राहते. शाळेच्या पायरीपासून निघून उंचसखलपणा मोजत, टिपत आवाराला पूर्ण फेरी मारा आणि पुन्हा त्याच पायरीवर या. सगळ्या चढ-उतारांची बेरीज शून्य यायला हवी. ती येणार नाही. किती आली ते फळ्यावर लिहा आणि चूक कुठे शिरली असेल ते मुलांनाच शोधू द्या. मग दुसऱ्या गटाला उलट्या दिशेने पाठवा. शंभर मैलांत दोन इंच म्हणजे काय, हे त्या दिवशी वेगळे सांगावे लागणार नाही.